साहेबांची परीक्षा

सुधारगृहातलं ते मिसरूड फुटलेलं पोरगं इतकं हळू बोलायचं, की नाकावर बसलेल्या माशीलाही ऐकू जाऊ नये. म्हणून त्याचं नावच पडलं पुटपुट्या. आत्मविश्वास शिकवणाऱ्या बाईंनी शेवटी त्याला परीक्षाच घातली. "अनोळखी माणसाच्या डोळ्याला डोळा भिडव, त्याच्याकडून एक काम करून घे. जमलं तर दोन दिवस आईकडे सुट्टी. नाही तर बस इथेच माश्या मारत!"

बंद फाटकाच्या आत अनोळखी माणूस आणायचा कुठून? पण नशीब पोराचं, नवा चौकीदार त्याच सकाळी रुजू झाला होता. पुटपुट्याने खुंटीवरचा मोठ्या साहेबांचा कोट चढवला आणि छाती काढून फाटक गाठलं.

"टोपी वाकडी, बुटांना पॉलिश नाही! सासुरवाडीला आलात काय? उघडा फाटक!"

चौकीदाराने सलाम ठोकला, फाटक उघडलं. तेवढ्याने पोरगं आणखी फुगलं. "आणि ऐका, ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. मी आलो तरी नाही!"

रस्त्यावर रुबाबात एक चक्कर मारून स्वारी परतली, तोच आत हजेरीची घंटा वाजली. हजेरीला नसला तो पळाला, असा तिथला नियम. मग कसली सुट्टी आणि कसली आई!

"काका, मी इथलाच पोरगा आहे हो. सोडा ना आत," गज धरून पुटपुट्या पुन्हा पुटपुटू लागला.

चौकीदाराने टोपी सरळ केली, कडक सलाम ठोकला आणि हळूच हसला. "मी नाही फसायचा, साहेब. आधी ओळखपत्र!"