बर्फातलं पार्सल

पेशींची वाढ घडवणारं प्रथिन शोधून दाखवणारी अँटिबॉडी सुरुचीला सहा आठवडे वाट पाहिल्यावर आता मिळणार होती. शनिवारी प्रयोगशाळेचं ऑफिस बंद, म्हणून तिने पार्सल शहरातल्याच अवधपुरी भागातल्या घरी मागवलं आणि बाबांना फोनवर बजावलं, "उघडू नका, पण आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवा. गरम झालं तर माझी पीएचडी आणखी वर्षभर लांबली म्हणून समजा."

भर दुपारी बाबा घामाघूम होऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे! जन्मभर कारखान्यात अजस्र टर्बाइन जोडलेला हा माणूस एक छोटासा डबा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून होता.

"अगं, पार्सल आलं आणि लाइटच गेली. शेजारच्या तिवारीभाभींनी त्यांच्याकडचा सगळा बर्फ दिला. तो रिक्षात वितळायला लागला, तर चौकातला उसाचा रसवाला म्हणाला, 'बिटिया की पढ़ाई का सामान है? पूरी सिल्ली ले जाओ, अंकल!' बर्फाच्या त्या अख्ख्या लादीवर ठेवून आणलंय. बघ बरं, थंड आहे ना?"

सुरुचीने पार्सल उघडलं. कुपीसोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'सुकवलेली पावडर. प्रवासात थंड ठेवण्याची गरज नाही.'

तिने बाबांच्या ओल्याचिंब शर्टाकडे पाहिलं, कागद हळूच एप्रनच्या खिशात सारला आणि ती म्हणाली,

 

"बाबा, अजून पाच मिनिटं उशीर झाला असता ना, तर सगळं वाया गेलं असतं!"