थोरल्याची धार

नवरदेव पंडितच्या गालावर वस्तरा टेकला आन् त्यो पाटावरनं असा उडाला, जनू खाली इंचू निघाला.

"बंकट, दाढी करतूस का कातडं सोलतूस बे?" नवरदेवाचा बाप सुंदरराव पाटील मांडवाच्या खांबाला टेकून बसला व्हता, त्यो ताठ झाला.

हळद कालवणाऱ्या बायांचे हात थांबले. बंकट न्हावी वस्तऱ्याकडं बघतच ऱ्हायला. ह्यो त्याच्या बापाचा वस्तरा. नांदूरघाटात सांगायचे, याच्यावर माशी बसली तर उडताना बिनमिशीची उडती. गिऱ्हाईक दाढीला बसलं की घोरायला लागायचं. झाल्यावर हलवून सांगावं लागायचं, ऊठ बाबा, सपलं.

बाप गेला, दोघा भावांची वाटणी झाली, तवा पंचांनी लई डोकं चालवलं. वस्तरा धाकट्या बंकटला दिला आन् धार लावायची बापाची पथरी थोरल्या सुग्रीवला. म्हणले, आता भांडा कसे भांडताव ते. खरंच भांडले न्हाईत. सुग्रीवनं बाजारातला वस्तरा घेतला. बंकटचा बोथटला की त्यो थोरल्याच्या दारात जायचा, थोरला पथरीवर पाणी शिंपडून धार लावून द्यायचा.

कालबी तसंच झालं. सुग्रीवनं वस्तरा फडक्यात गुंडाळून हातात ठिवला. "जा. नवरदेव झोपंल तुज्या हाताखाली."

दुसऱ्यानं लावलेली धार न्हावी आदी आपल्या मनगटाच्या केसावर चालवून बघतो. बंकटनं फडकंबी सोडलं न्हाई. थोरल्याची धार तपासायची म्हंजी आईनं वाढलेल्या ताटात खडे शोधायचे.

आन् आजचा दिस काय साधा व्हता? पाटलाच्या घरची रीत अशी की नवरदेवाची दाढी ज्याच्या हातची, घरचं बलुतं जलमभर त्याचं. बापाचा वस्तरा म्हणून पाटलानं बंकटला बोलावलं व्हतं.

"सर बाजूला." गर्दीतनं सुग्रीव म्होरं आला. हत्यारांची धोकटी काखेतच व्हती. "पाटील, लहान हाय त्यो. हात हालला आसंल. मी करतो."

पाटलानं मान हलवली. पंडित गाल चोळत पुन्यांदा बसला.

बंकट मांडवाच्या भाईर आला. वस्तरा उन्हात धरला. चांगल्या धारेवर उजेड ठरत न्हाई, बघणाऱ्याला काईच दिसत न्हाई. हितं टोकापासनं मुठीपतुर पांढरी रेघ चमकत व्हती. कुठं आपटला आसता तर एका जागी दिसली आसती. ही सारखी व्हती, सवकाशीनं, धार मोडायला पातं उभं धरून पथरीवर ओढलेली.

पाटलाची म्हातारी आई दगडाबाई वसरीवरनं म्हणली, "आरं बंकट, आसल्या वस्तऱ्यानं माजी गवारीची शेंगबी तुटायची न्हाई."

बाया हसल्या.

"खरं हाय, माय," म्हणून बंकट आडावर गेला.

आडाच्या काठाला काळा दगड व्हता, घागरी टेकून टेकून आरशावानी झालेला. बंकटनं त्याच्यावर पाणी शिंपडलं, वस्तरा आडवा ठिवला आन् भार न देता ओढाया लागला. दगडावर धार म्होरं, तळहातावर धार मागं, बापाचं सांगणं. वस्तरा आदी खरखरला, मग कुजबुजला, मग गप झाला. तळहातावर उलटापालटा फिरवत व्हता तवा लिंबाचं एक पान त्याच्यावर पडलं. खाली गेलं ते दोन होऊन, आन् भुईला टेकल्यावर कुठं त्या पानाला कळलं की आपून तुटलो.

पथरीबिगर धार लागती, हे बंकटला आजवर कुणी सांगितलं न्हवतं. त्यानंबी कदी इचारलं न्हवतं.

त्यो परत आला तवा पंडितचा गाल गुळगुळीत झाला व्हता, आन् पाटलाचं घर सुग्रीवचं. सुग्रीवला वरातीत मशाल धरायची व्हती, तोंडावर दाढीचे खुंट. न्हाव्याची दाढी न्हावीच करतो. त्यो नेहमीसारखा बंकटच्या म्होरं येऊन बसला, मान वर केली, डोळे मिटले.

"उरक गड्या. वखुत न्हाई."

बंकटनं वाटीतलं पाणी त्याच्या दाढीला लावलं. चांगलं मुरवलं, बाप मुरवायचा तसं. मग साऱ्या मांडवाच्या देखत बाही कोपरापतुर सारली आन् वस्तरा आपल्या मनगटावर चालवला. केस गळून सुग्रीवच्या मांडीवर पडले.

सुग्रीवनं डोळे उघडले. मांडीकडं बघितलं.

"आजच कावून रं मनगटावर बघाया लागलास?"

"सवय लावून घेतो, दादा," बंकट म्हणला. "टेक मान."

सुग्रीवनं गळ्यावरनं हात फिरवला. दाढीतनं पाणी गळत व्हतं, तसाच उठला.

"ऱ्हाऊ दी. उद्या बघू."

त्यो उद्या काई उजाडला न्हाई. सुग्रीवची दाढी वाढत वाढत बेंबीच्या खाली गेली. जत्रंला निघालेली परगावची माणसं त्याला बघून रस्त्यातच पाया पडायची, नारायणगडाचे म्हाराज समजून. त्योबी आशीर्वाद द्यायचा. काय करील.

बंकट मात्र दर बाजाराच्या दिशी सकाळच्याला दारात पाट टाकायचा, वाटीत पाणी घ्यायचा, आन् थोरल्याच्या वाटंकडं बघत बसायचा. बाही कोपरापतुर सारलेली.