निवांत दुपार

ओनोरीन धोबीण इस्त्रीचे कपडे घेऊन आली, तेव्हा मादाम व्हाल्मी मैत्रिणीला दिवाणखान्यातलं नवं छापील चित्र दाखवत होत्या. सगळ्या पॅरिसभर खपत होतं ते. कोचावर पाय लांब करून, डोळे मिटून पडलेली एक तरुणी, हातात पंखा, आणि खाली नाव : 'निवांत दुपार'.

"काय सुख असतं बघ एकेकीच्या नशिबात!" मैत्रीण म्हणाली. "प्रियकराची वाट बघता बघता डोळा लागलाय."

"छे गं, आळशी आहे मेली. आणि एवढी नटवी बाई, तर टाचेला रफू केलेला मोजा? चित्रकार चुकलाच."

ओनोरीनच्या हातातली टोपली कलली. "चुकला नाही, मादाम. ते रफू माझं आहे."

"तुझं? हिचे कपडे तुझ्याकडे असतात?"

"माझी लेक आहे ती, झेली. चित्रकार आमच्याच इमारतीत राहतो. आठवण म्हणून काढून देतो म्हणाला. कोच, पंखा त्यानं मागाहून घातले." ओनोरीननं टोपली सावरली. "मोजा मात्र मीच रफू केला, त्याच सकाळी. शवपेटीत फाटक्या मोज्यानं कशी निजवायची पोरीला?"