जावईबापूंची पारख

घरजावई होऊन जयदीपला तीन वर्षं झाली, पण तो सोफ्यावरून उठला असेल तर फक्त जेवायला, असं रंभाबाईंचं स्पष्ट मत होतं. लेकीचा, तेजस्विनीचा, मात्र एकच हट्ट. चाकणच्या कंपन्यांना लावलेल्या आपल्या अकरा बसचा कारभार आता ह्यांच्या हाती द्या. जावयाला तोंडावर नाही म्हणायची घराण्यात रीत नव्हती, म्हणून रंभाबाई चहा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन टेकल्या.

टीव्हीवर त्याचा राक्षस मारायचा गेम चालला होता. गेममध्ये तीन नवे वीर आले होते आणि त्यातला कुठला घ्यावा, याचा जयदीप सकाळपासून अभ्यास करत होता.

"ह्यो पिवळ्या झग्यातला लई रुबाबदार दिसतोय," रंभाबाई म्हणाल्या.

"दिसण्यावर जाऊ नका, मामी. एक वार केला की बसला दम खात. लढायचं दुसऱ्यांनी, आणि लूट वाटायची वेळ आली की हा सगळ्यांच्या पुढं."

"मग ह्याच्या हाती टोळी द्यायची न्हाई म्हणता?"

"टोळी कसली देताय? असल्याला मी गेटवरसुद्धा उभा करणार नाही."

रंभाबाईंनी तेजस्विनीला हाक मारली, बसच्या कागदांची पिशवी तिच्या हातात ठेवली आणि उद्यापासून कारभार तूच बघायचा म्हणून सांगितलं. मग जावयाकडं वळल्या.



"जावईबापू, माणसाची पारख तुमच्याइतकी पंचक्रोशीत कुणाला न्हाई, मग तुमचा शब्द मी कसा मोडू?"