दहावी हातोडी

चक्रीवादळानं उडवून नेलेलं घोडकाठच्या चर्चचं छप्पर साऱ्या गावानं एका दिवसात पुन्हा चढवलं. एबनेझर मिस्त्रींची लेक राहेल उद्या त्याच्याखालीच लग्नाला उभी राहणार होती.

"वादळाला हरवलं की न्हाई!" म्हणत राहेलनं आत गीत धरलं.

मिस्त्रींनी नेहमीसारख्या हातोड्या मोजून पोत्यात भरल्या. नऊच्या नऊ परत आल्या होत्या; दहावी गेल्या साली वारलेल्या त्यांच्या थोरल्या लेकासोबत पुरली होती.

तेवढ्यात वर पत्रा वाजला. ठक, ठक, ठक. अगदी गाण्याच्या तालात.

"वर कोण राहिलंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुणी न्हाई मामा. शिडी बी आडवी केली," दारातला एक पोरगा म्हणाला.

गाणं संपलं, तशी ठकठकही थांबली. मग दारात आडव्या पडलेल्या शिडीची एकेक पायरी करकरू लागली, शेंड्याकडून खाली.

ऊर भरून आलेल्या मिस्त्रींनी पोत्याचं तोंड उघडून धरलं.