दोन थर सिमेंट

ओरिमिसानने पुन्हा घण उचलला आणि बापाच्या कबरीवर घातला. टवका उडाला तो नुसता लादीचा. खालचं सिमेंट जसंच्या तसं. लाटेचं पाणी उंबरठा ओलांडून खोलीत आलं, त्याच्या घोट्यांभोवती फिरून परत गेलं. भरती चढायला लागली होती, आणि हाडं गुंडाळायला आणलेलं पांढरं कापड अजून कोरं होतं.

"गवंडी म्हणत होता, एक थर पुरे," आई म्हणाली. डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन ती भिंतीपाशी उभी होती. "तुलाच दोन हवे होते."

"आई, आता नको ना!"

"मग कधी बोलू? उद्या इथं मासे असतील ऐकायला."

आठ वर्षांपूर्वी म्हातारा जाताना म्हणाला होता, मला मागे, दलदलीपलीकडच्या उंचवट्यावर पुरा. पण ओरिमिसान लागोसहून आला होता, चार पैसे कमावून. कर्त्या माणसाला त्याच्याच घरात पुरायची इथली रीत, आणि बापाला परक्यासारखा रानात टाकायचा? लोक काय म्हणतील? त्याने पुढच्या खोलीतच कबर बांधली, वर निळ्या लाद्या बसवल्या. समुद्र तेव्हा चार गल्ल्या पलीकडे होता. गावाने तोंड भरून कौतुक केलं. ते आपल्याला किती आवडलं होतं, हे आठवून आता त्याला लाज वाटत होती.

मागच्या दारी खाडीत नाव लावून बसलेला नावाडी ओरडला, "दादा, निघा! घराची भिंत पडायला आलीय, तुमच्यासाठी थांबायची नाही."

त्याने आणखी चार घाव घातले. पाचव्याला घणाचा दांडा मोडला. तो तिथंच पाण्यात गुडघ्यांवर बसला. "चुकलं, बाबा."

डोक्यावरचं गाठोडं एका हाताने सावरत आईने वाकून लाद्यांवरची वाळू दुसऱ्या हाताने पुसली. "रागावू नका त्याच्यावर," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचा मान ठेवायला गेला पोरगा." मग मुलाला दंडाला धरून उठवलं.

नाव आत वळली, गाव तिसऱ्यांदा मागे सरकून वसत होतं त्या बाजूला. पाठीमागे काहीतरी कोसळलं. कोणीच वळून पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने ओरिमिसान म्हणाला, "आई, तुला कुठं... तू म्हणशील तिथंच."

"कुठंही पूर," आई म्हणाली. "फक्त सिमेंट घालू नकोस. मला परत हलवावं लागेल."