शिडाचा दोर

बासष्ट सालचा पोळा होऊन गेला होता आणि पैनगंगा दोन्ही काठ भरून वाहत होती. महागावाकडच्या तांड्यातला देवसिंग बायकोला, जमनीला, नावेत घालून निघाला. तिचे दिवस भरत आले होते. खालच्या गावच्या सुईणीकडे तिला पोचवायचं होतं.

वारा पाठीमागून होता. असा वारा जरा फिरला, तरी शिडाचा आडवा बांबू गर्रकन दुसऱ्या बाजूला येतो आणि माणसाचं डोकं फोडतो. म्हणून देवसिंगनं बांबूच्या टोकाला दोर बांधला आणि पुढे नेऊन नावेच्या नाकाला आवळला.

"आता नाही हालत तो. तू बिनघोर बस," तो म्हणाला.

अर्ध्या वाटेत वारा पडला. शीड लुळं पडलं. दोर मात्र ताणलेलाच राहिला.

"वारा नाही, तं दोर कोन ओढून राह्यलं जी?" जमनीनं विचारलं.

देवसिंगनं वल्हं उचललं. पाण्यावरचा पालापाचोळाही मागे पडावा, इतकी नाव वेगात होती. सुईणीचं गाव दिसलं. त्यानं ते मारमार मारलं, पण नाव काठाकडे वळेना.

"तोडा तो दोर!" जमनी किंचाळली.

तो रांगत पुढे गेला आणि नावेच्या नाकाशी त्यानं विळ्यानं दोर कापला.

कापलेलं टोक खाली पडलं नाही. ते हवेत ताठ राहिलं, पुढच्या मोकळ्या पाण्याकडे रोखलेलं. गाव मागे गेलं.

देवसिंगनं वळून पाहिलं. जमनी त्याच्या खांद्यावरून पुढे बघत होती, आणि ओळखीचं कुणी दिसावं तशी हसत होती.

"ओढू नको आता," ती त्या मोकळ्या पाण्याला हळूच म्हणाली. "आली नं मी."